चंद्र-सूर्याची खूण : प्राचीन शिळांवरील चिन्हांचा अर्थ

विठ्ठलवाडी येथे दर्शनास येणारे अनेक भाविक पुढे लोकलने अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरासही जातात. त्या मंदिरातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजवटीतील आहे. ठाणे, कल्याण व अंबरनाथ हा सर्व परिसर त्या काळी उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या अमलाखाली होता. त्या व त्यानंतरच्या काळातील कोरीव शिळा कोकणात देवळांच्या आवारात, तळ्याकाठी अथवा गावाच्या शिवेवर आजही आढळतात. त्यांपैकी पुष्कळ शिळांच्या माथ्यावर एक वर्तुळ व एक कोर कोरलेली असते. या खुणेचा अर्थ यात्रेकरूंच्या माहितीसाठी येथे दिला आहे.

वर्तुळ म्हणजे सूर्य व कोर म्हणजे चंद्र होय. प्राचीन दानपत्रांत दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे आकाशात चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावे, असे लिहिण्याची प्रथा होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही हा आशय या दोन आकृतींवरून समजत असे. शिळेचा प्रकार मात्र खालील चित्रावरून ओळखावा.

वीरगळ : हे युद्धात अथवा गावाच्या रक्षणार्थ पडलेल्या वीराचे स्मारक होय. याचे चित्र खालून वर पाहावे. तळाशी युद्धप्रसंग, त्यावर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा व वर शिवलिंगाची पूजा असा सामान्यतः क्रम असतो. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. येथे चंद्र-सूर्य वीराची कीर्ती चिरकाल राहो, असे सुचवितात.

सतीशिळा : कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात ही पतीमागे चितेवर गेलेल्या स्त्रीची खूण होय.

गद्धेगाळ : या शिळेवर गाढव व स्त्री यांचे चित्र असते. दिलेले दान जो मोडील त्याच्या मातेची विटंबना होईल, असा हा शाप आहे. परळ येथील बाराव्या शतकातील शिलालेखात तो मराठी शब्दांतही कोरलेला आहे. अपराध एकाचा आणि अवहेलना त्याच्या मातेची, ही त्या काळच्या समजुतीची कठोर बाजू नाकारता येत नाही. तथापि चित्र ओंगळ म्हणून शिळा टाकून दिल्यास देवस्थानास अथवा गावास दिलेल्या भूमीचा लेखी पुरावाही तिच्याबरोबर जातो. मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत गणला जाणारा अलिबागजवळील अक्षीचा शिलालेख अशाच शिळेवर आहे. तोही दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित राहिला होता.

अर्थ न कळल्यामुळे कित्येक ठिकाणी अशा शिळा पायरीस लावल्या गेल्या, तर काही अशुभ समजून पालथ्या घातल्या गेल्या. काही शिळांवर श्रद्धेने शेंदूर व तेल चढविले जाते. परंतु त्या पुटांखाली अक्षरे बुजून जातात. भाविकांनी दुरूनच नमस्कार करावा, शिळा जागची हलवू नये, रंगवू नये. नव्याने आढळल्यास छायाचित्र घेऊन पुरातत्त्व विभागास कळवावे. ज्या पूर्वजांनी चंद्र-सूर्यास साक्षी ठेवले, त्यांचा शब्द जपणे हीदेखील सेवाच होय.