मोडलेला संसार आणि मुलांचे लग्न

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. वय बावीस ते तीस. छातीत धडधडते, झोप लागत नाही, पित्त होते. रक्तदाब, कार्डिओग्राम, थायरॉईड सारे ठीक. थोडे बोलते केले की कळते, घरात स्थळे पाहणे सुरू आहे. यांतील काहींचे आई-वडील पूर्वीच विभक्त झालेले असतात. ‘माझेही तसेच झाले तर?’ ही भीती तोंडाने सांगता येत नाही, ती शरीर सांगते.

काडीमोड आपल्याला नवा नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर ठाकूर, कातकरी समाजांत तो रूढीने चालत आला आहे. इतर अनेक जातींतही सोडचिठ्ठी व पाट होतेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाला जवळजवळ देशभर आधार दिला, १९७६ मध्ये परस्परसंमतीची तरतूद आली. कायदा नवरा-बायकोला मोकळे करतो. मुलांच्या मनाचे काय, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेत ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून ६० विभक्त कुटुंबांतील १३१ मुलांचा पंचवीस वर्षे मागोवा घेतला. बालपणी सावरलेली मुलेही स्वतःच्या लग्नाचे वय येताच घाबरतात, असे त्यांना आढळले. पण हा गट लहान होता. मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १४०० कुटुंबे अभ्यासली. २००२ च्या पुस्तकात त्या सांगतात की विभक्त घरांतील सुमारे २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या. एकत्र घरांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे धोका वाढतो हे खरे, पण चारांतली तीन मुले सावरतात, हेही तितकेच खरे.

मला ही भीती तीन रूपांत दिसते. कोणी लग्नच नको म्हणतो. कोणी आपले हक्काचे घर हवे म्हणून घाईने लग्न करतो. तिसरा पहिल्याच भांडणात ‘संपले सारे’ असे समजतो, कारण भांडून पुन्हा एकत्र जेवायला बसलेली माणसे त्याने घरात पाहिलेलीच नसतात.

घटस्फोटाइतकेच, कधी त्याहून अधिक, रोजचे भांडण व मारहाण मुलांना पोखरते. अशा घरातून बाहेर पडलेल्या आईने ‘मुलांचे वाटोळे केले’ असे मानू नये.

विभक्त पालकांनी मुलांकरवी निरोप धाडू नयेत. त्यांच्यासमोर एकमेकांना शिव्या देऊ नयेत. ‘यात तुझा दोष नव्हता’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत सांगावे. मूल तीस वर्षांचे झाले असले तरी सांगावे.

तरुणांनी आपली भीती होणाऱ्या जोडीदाराला लग्नाआधीच सांगावी. झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल तर डॉक्टरांना भेटावे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तेथे मराठीत बोलता येते.

आणि स्थळ पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. ‘आईने नवरा सोडला, मुलगीही सोडेल’ असे म्हणून चांगले स्थळ परत पाठवू नका. आईचा घटस्फोट हा मुलीच्या संसाराचा निकाल नसतो. मुलगी कशी बोलते, राग आला की कशी वागते, ते पाहा. तेच मुलाचेही पाहा.