सायकलने कान्हेरीला

मुंबई म्हटले की गर्दी, आगगाड्या आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण याच मुंबईला लागून एक मोठे अरण्य आहे. त्याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. लोक त्याला ‘बोरिवलीचे नॅशनल पार्क’ म्हणतात. शंभर चौरस किलोमीटरांहून थोडी अधिक त्याची जागा. त्यात डोंगर आहेत, ओढे आहेत, वारली लोकांचे पाडे आहेत. चितळ आहेत, माकडे आहेत आणि बिबटेही आहेत. या अरण्याच्या पोटात दोन तलाव आहेत. एक तुळशी, दुसरा विहार.

या वनात सायकलने फिरता येते. फाटकाजवळ सायकल भाड्यानेही मिळते. एक भाचा गावाहून बोरिवलीला मामाकडे आला होता. त्याला सायकलने वन पाहायचे होते. त्या दोघांचे बोलणे वाचा.

निघण्यापूर्वी

भाचा : मामा, उद्या सकाळी निघू. दिवसभर फिरू. अंधार पडला की परतू.

मामा : अरे, अंधार पडेपर्यंत वनात राहायचं नसतं. ते बिबट्याचं घर आहे. तो जास्त करून तिन्हीसांजेला, रात्री आणि पहाटे फिरतो. आपण उन्हात जावं आणि उन्हातच बाहेर यावं.

भाचा : मग किती वेळ लागेल, हे आधी कसं कळणार?

मामा : हिशेब करायचा. पाटी-पेन्सिल घे. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सुमारे ६ किलोमीटर. रस्ता चढाचा. शेवटचा चढ तर चांगलाच उभा. तिथं उतरून सायकल ढकलावी लागली तरी लाज नाही. तासाला ८ किलोमीटर धरले, तर ६ किलोमीटरांना किती?

भाचा : पाऊण तास.

मामा : बरोबर. लेणी पाहायला दीड तास. बसायला, पाणी प्यायला पाव तास. उतारावरून परत यायला अर्धा तास. बेरीज कर.

भाचा : तीन तास.

मामा : त्यात आणखी अर्धा तास मिळव. पंक्चर झालं, साखळी उतरली, तर तो वेळ कामी येतो. आठला निघालो तर साडेअकराला घरी. हा हिशेब ज्याच्या खिशात आहे, त्याची धांदल होत नाही.

भाचा : मग सोमवारीच जाऊ की!

मामा : सोमवारी उद्यान बंद असतं. मंगळवारी जाऊ. आणि फाटकावरची पाटी आधी वाचू. वेळ काय, तिकीट किती, कुठला रस्ता खुला, ते सगळं तिथं कळतं.

सायकल तपासावी

भाड्याची सायकल घेताना घाई करू नये. पाच गोष्टी पाहाव्यात.

१. दोन्ही चाकांत हवा आहे ना? अंगठ्याने टायर दाबून पाहा.

२. दोन्ही ब्रेक लागतात ना? सायकल पुढे ढकला आणि ब्रेक दाबा. चाक लगेच थांबले पाहिजे.

३. साखळी सैल नाही ना? तिला तेल आहे ना?

४. सीट आपल्या उंचीची आहे ना? सीटवर बसून पाय पायडलावर खाली नेला, की गुडघा जरासाच वाकलेला राहावा. फार वाकला तर गुडघे दुखतात.

५. घंटी वाजते ना?

बरोबर पाणी घ्यावे. खाऊ पिशवीत बंद ठेवावा. हातात दिसला की माकड तो ओढून नेते. माकडांना काही खायला घालू नये. त्यांना सवय लागते आणि मग ती माणसांच्या अंगावर येतात.

उतारावर फार जपावे. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. वळण येण्याआधीच वेग कमी करावा. पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ आणि ओली पाने असतात. त्यांवर चाक घसरते. असा उतार पायी उतरावा.

वाटेवरचा फाटा

मंगळवारी दोघे निघाले. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडी होती. काही अंतर गेल्यावर रस्त्याला फाटा फुटला. एक वाट कान्हेरीची, दुसरी तुळशी तलावाची. तुळशीच्या वाटेवर पाटी होती. भाच्याने अक्षरे लावून वाचले, ‘प्रवेश बंद.’

भाचा : मामा, तलाव तर इथून जवळच आहे. सायकलने लगेच जाऊन येऊ. कोण बघतंय?

मामा : थांब. ती पाटी का लावली, ठाऊक आहे? ते पाणी मुंबईचे लोक पितात.

भाचा : या तलावाचं?

मामा : होय. विहार तलाव बांधून झाला १८६० साली. तुळशी झाला १८७९ साली. तेव्हापासून हे दोन तलाव शहराला पाणी देत आहेत. तुळशीत सुमारे ८०० कोटी लिटर पाणी मावतं. विहारात सुमारे २,७७० कोटी लिटर. पावसाळ्यात तुळशी भरून वाहू लागला, की त्याचं पाणी विहारात येतं. विहार भरला की पाणी मिठी नदीला जातं.

भाचा : पण आता मुंबई केवढी वाढली! एवढ्यानं भागतं का?

मामा : नाही भागत. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी लांबून नळानं आणावं लागतं. हे दोन तलाव त्यामानानं लहान. पण ते घरचे आहेत. आणि त्यांना राखतं कोण? हे रान. पाऊस पडला की पानं तो झेलतात. पाचोळा पाणी धरून ठेवतो. मुळं माती धरून ठेवतात. पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि झऱ्यांनी तलावाला मिळतं. रान तोडलं, तर पहिल्याच पावसात माती वाहून तलावात बसेल. गाळानं तलाव उथळ होईल.

भाचा : म्हणजे तिथं दहा माणसं गेली, तर उद्या शंभर जातील. कुणी कपडे धुईल, कुणी कचरा टाकील.

मामा : आणि तेच पाणी आपल्या घरच्या माठात येईल. आपल्या गावच्या विहिरीत कुणी पाय धुतलेले तुला चालतील का?

भाचा काही बोलला नाही. त्याने सायकल कान्हेरीच्या वाटेला वळवली.

कान्हेरीची पाण्याची टाकी

कान्हेरीला काळ्या खडकात कोरलेली शंभरांहून अधिक लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे बौद्ध भिक्षू राहत. एवढ्या उंचावर ते पाणी कुठून आणत? त्यांनी खडकात पन्हळी खोदल्या आणि लेण्यांजवळ टाकी कोरली. पावसाचे पाणी पन्हळीने टाक्यात येई आणि ते पुढे पुरवून वापरता येई. खाली तलाव बांधला गेला त्याच्या कितीतरी शतके आधी, याच डोंगरावर माणसाने पावसाचे पाणी साठवले होते.

बाहेरचा मोठा फेरा

ज्यांना सवय आहे, ते उद्यानाला बाहेरून फेरा घालतात. बोरिवलीहून उत्तरेला घोडबंदर, तेथून खाडीच्या बाजूने ठाणे. मग मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग. पुढे पवई तलावाच्या काठाने जोगेश्वरी आणि परत बोरिवली. सारा वेळ उद्यान उजव्या हाताला राहते. हा फेरा सुमारे ६० किलोमीटरांचा आहे. तासाला १२ किलोमीटर गेले तर नुसते चालवायलाच ५ तास लागतात. वाटेत मालमोटारी फार. घोडबंदरच्या बाजूला घाट आहे. म्हणून नवख्याने हा फेरा घेऊ नये. घ्यायचा तर उजाडताच निघावे, डोक्याला हेल्मेट घालावे, एकामागे एक चालावे.

ध्यानात ठेवा

वनात एकट्याने जाऊ नये. मुलांना मध्ये ठेवावे. रस्ता सोडून झाडीत शिरू नये. बिबट्या दिसला तर पळू नये, खाली वाकू नये, पाठ फिरवू नये. उभे राहून हळूहळू मागे सरावे. त्याला जायला वाट द्यावी.

आणि पाटी वाचावी. खुली वाट आपल्या फिरण्यासाठी आहे. बंद वाट आपल्या पाण्यासाठी आहे.

शब्दांचे अर्थ

फाटा – मुख्य रस्त्यातून निघालेली दुसरी वाट
पाचोळा – वाळून गळलेली पाने
पन्हळ – पाणी वाहून नेणारी लांबट खाच
गाळ – पाण्याच्या तळाशी बसणारी माती

उत्तरे सांगा

१. मामाने हिशेबात अर्धा तास अधिक का धरला?
२. रान तोडले तर तलावाचे काय होईल?
३. उतारावर ब्रेक कसा दाबावा?
४. तुमच्या गावाचे पिण्याचे पाणी कुठून येते? ते स्वच्छ राहावे म्हणून तिथे कोणती पाटी लावाल? ती पाटी आपल्या हाताने लिहा.