स्वच्छ भिंग काढावे काय?

'सुईविना, टाक्याविना, पट्टीविना' या जाहिरातींनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची भीती घालविली, हे उत्तमच झाले. पण भीतीबरोबर विचारही गेला, असे मला वाटते. चाळिशीच्या अलीकडचे, उणे आठ-दहा नंबरचे रुग्ण मजकडे येतात. मोतीबिंदू नसतो, चष्मा तेवढा नको असतो. "बाबांचे पंधरा मिनिटांत झाले, माझेही भिंग बदला," असा आग्रह.

शस्त्रक्रिया तीच, डोळा मात्र तो नव्हे. लघुदृष्टीचा नेत्रगोल लांबट असतो, त्यामुळे दृष्टिपटल ताणलेले व कडेला विरळ झालेले असते. नैसर्गिक भिंगाच्या जागी पातळ कृत्रिम भिंग आले की मागील काचद्रव पुढे सरकतो आणि पटलापासून सुटताना ते फाडू शकतो. तरुणपणी हा द्रव पटलास घट्ट चिकटलेला असतो. म्हणून वय कमी तितका पटल सुटण्याचा धोका अधिक, पुरुषांत तर विशेष. शस्त्रक्रियेत भिंगाची मागील पिशवी फाटल्यास तो आणखी वाढतो. हे संकट काही वर्षांनंतरही ओढवते. तोवर रुग्ण शस्त्रक्रिया विसरलेला असतो! जवळचे-दूरचे आपोआप जुळविण्याची शक्तीही जाते. बहुकेंद्री भिंग ती उणीव काहीशी भरून काढते, परंतु रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

मोतीबिंदूने अंधारलेल्या डोळ्यास गमावण्यासारखे थोडे व मिळण्यासारखे पुष्कळ असते. चष्म्याने उत्तम दिसणाऱ्या डोळ्याचा हिशेब उलटा आहे. अशा तरुणास मी प्रथम नैसर्गिक भिंग न काढता त्यापुढे बसविता येणाऱ्या भिंगाविषयी सांगतो. तेही सर्वस्वी निर्धोक नाही, पण जुळवणीची शक्ती राहते.

जंतुसंसर्ग विरळा, पण झाल्यास दृष्टी हिरावणारा. शस्त्रक्रियेअखेर डोळ्यात सेफ्युरॉक्सिम दिल्यास तो सुमारे पाचपटीने घटतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासाने दाखविले.

व्यवसायबंधूंना एक विनंती. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांची परितारिका शस्त्रक्रियेत शिथिल पडते, बाहुली आकसते, हे चँग व कॅम्पबेल यांनी २००५ साली मांडले. गोळी आधी थांबवूनही धोका पुरता टळत नाही. पूर्वसूचना असेल तर मात्र शल्यविशारद तयारीने उतरतो. 'लघवीची गोळी' नेत्रवैद्यास सांगायची असते, हे रुग्णाच्या ध्यानीही येत नाही. तेव्हा आपल्या चिठ्ठीत तेवढे लिहावे.

आणि भिंग बदललेल्या कोणासही अचानक विजा चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके वाढले वा कडेने पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याला सोमवारची वेळ देऊ नये. त्याच दिवशी पाठवावे.