तापेल, पण भाजणार नाही!

विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्हाला एक छोटी भट्टी तयार करायची आहे असे समजा. आतला जाळ कितीही प्रखर असला, तरी बाहेरून हात लावल्यास तो भाजू नये, आणि खर्चही बेताचा व्हावा. मग भट्टीला अस्तर कशाचे द्यावे? कोणी वीट सुचवील, कोणी लाकूड, तर कोणी थर्मोकोल. ही तीनही उत्तरे अर्धीच बरोबर आहेत. ती कशी, ते पाहू.

दोन निरनिराळे गुण

आपण ज्या पदार्थाला ढोबळपणे 'उष्णतारोधक' म्हणतो, त्याच्याकडून खरे तर दोन वेगळ्या गुणांची अपेक्षा करतो. पहिला गुण उष्णता सोसण्याचा. पदार्थ वितळू नये, जळू नये, तडकू नये. दुसरा गुण उष्णता अडवण्याचा. एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला लवकर पोचू नये.

हे दोन गुण एकत्र असतीलच असे नाही. थर्मोकोल उष्णता उत्तम अडवतो, पण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. लाकूड उष्णता बऱ्यापैकी अडवते, पण अडीचशे-तीनशे अंशांना कोळपू लागते. लोखंड १५३८ अंशांपर्यंत वितळत नाही, पण झाऱ्याचे एक टोक जाळात धरा, थोड्याच वेळात दुसरे टोक हातात धरवत नाही. साधी भाजकी वीट भट्टीतून तावूनसुलाखून निघालेली असते. ती जाळ सोसते, पण घट्ट असल्यामुळे हळूहळू आरपार तापते.

हात का भाजतो?

उन्हात ठेवलेली लोखंडी पट्टी आणि तिच्याशेजारची लाकडी पट्टी यांना हात लावून पाहा. लोखंडी पट्टी अधिक चटका देते. पुष्कळांना वाटते की तिचे तापमान जास्त आहे. तापमापक लावला तर दोहोंत फारसा फरक आढळणार नाही. मग चटका कमी-जास्त का बसतो?

कारण आपल्या हाताला वस्तूचे तापमान कळत नाही. स्पर्श झाल्यावर त्वचेचे जे तापमान होते, तेच कळते. ते वस्तू किती वेगाने उष्णता पुरवते यावर अवलंबून असते. हा वेग तीन गोष्टींनी ठरतो: उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा. तिन्ही जितक्या कमी, तितका चटका कमी.

थोडे ढोबळ गणित करू. ३५ अंश तापमानाच्या त्वचेचा १०० अंश तापलेल्या जाड ॲल्युमिनियमला स्पर्श झाला, तर स्पर्शाच्या जागी तापमान सुमारे ९७ अंश होते. तितक्याच तापलेल्या लाकडाच्या बाबतीत ते सुमारे ५१ अंश, आणि बुचाच्या बाबतीत सुमारे ४२ अंश होते. त्वचा साधारण ४४ अंशांच्या पुढे गेली की वेदना होऊ लागतात. म्हणजे तापमान तेच असून ॲल्युमिनियम तत्काळ भाजते, लाकूड चटका देते आणि बूच नुसते ऊन लागते. फिनलंडमध्ये 'सौना' नावाच्या तापलेल्या खोलीत लोक ८०-९० अंशांच्या हवेत लाकडी बाकांवर निवांत बसतात, ते याच कारणाने. त्या बाकांचे खिळे मात्र लाकडात खोल बसवलेले असतात!

खरी अडवणूक हवेची

वाहकतेच्या क्रमाने काही पदार्थ मांडले, तर तांब्याचा आकडा सुमारे ४००, काचेचा १, विटेचा ०.७, लाकडाचा ०.१५ आणि स्थिर हवेचा ०.०२६ येतो (एकक: वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन). तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी अधिक वाहक आहे. हवा जळत नाही, वितळत नाही, आणि फुकट मिळते. अडचण एकच. मोकळी हवा तापली की वर जाते आणि अभिसरणाने उष्णता वाहून नेते. म्हणून तिला बारीक छिद्रांत कोंडून ठेवावे लागते.

१९८१ ते २०११ या काळात अमेरिकेची 'स्पेस शटल' याने अवकाशात जाऊन परत येत असत. वातावरणात शिरताना त्यांचा बाहेरचा भाग हजार अंशांहून अधिक तापे. त्यावर सिलिकाच्या तंतूंची हजारो कौले बसवलेली होती. सिलिका हा वाळूतलाच पदार्थ. या कौलांच्या आकारमानाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पोकळ होता. भट्टीतून नुकताच काढलेला, आतून लाल दिसणारा असा तुकडा कडांना धरून उघड्या हाताने उचलून दाखवीत असत! सिलिका उष्णता सोसते, कोंडलेली हवा ती अडवते.

स्वस्तात काय मिळेल?

ती कौले फार महाग होती. पण तोच योग आपल्या भातगिरणीबाहेर पडलेला असतो. भाताची तुसे पूर्ण जाळली की उरणाऱ्या राखेत बहुतांश सिलिकाच असते, आणि राख हलकी व सच्छिद्र असते. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या पोलादाची उष्णता टिकावी म्हणून त्यावर ही राख पसरतात. मातीत भुसा किंवा तूस मिसळून वीट भाजली, तर ते जळून जाते आणि जागोजाग छिद्रे उरतात. अशी हलकी वीट साध्या विटेपेक्षा उष्णता अधिक अडवते.

एक सावधगिरी बाळगा. ॲस्बेस्टॉस स्वस्त आहे आणि उष्णताही सोसतो, पण त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर रोग व कर्करोग होतात. जुन्या पत्र्यांचे तुकडे प्रयोगासाठी मुळीच वापरू नका. राख चाळतानाही नाकातोंडावर फडके बांधा.

आणखी एक गोष्ट घरी सांगा. पातेले ओल्या फडक्याने उतरवू नये. कोरड्या फडक्याच्या धाग्यांत हवा असते. ओल्यात तिची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक वाहक आहे.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली पत्र्याचे तीन सारखे डबे आणि स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. डब्यांत अनुक्रमे कोरडी वाळू, तुसाची राख आणि लाकडाचा भुसा भरा, व मध्यभागी पेला बसवा. पेल्याच्या तळाशी व भोवती थर सारख्याच जाडीचा ठेवा. प्रत्येक पेल्यात सुमारे ८० अंशांचे सारखेच पाणी ओतून झाकण ठेवा. अर्धा तास दर पाच मिनिटांनी पाण्याचे तापमान नोंदवा आणि आलेख काढा. वाळूतले पाणी सर्वांत लवकर निवेल. मग भुसा भिजवून प्रयोग पुन्हा करा.

आता भट्टीचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. आतून जाळ सोसणारी अग्निवीट, तिच्याभोवती राखेचा जाड थर, आणि सर्वांत बाहेर मातीचा लेप. सोसण्याचे काम एकाचे, अडवण्याचे दुसऱ्याचे. मोठ्या भट्ट्यांतही असेच थर असतात. राखेचा थर दुप्पट जाड केला, तर बाहेर येणारी उष्णता साधारण निम्मी होते. ती पूर्ण थांबत मात्र कधीच नाही. म्हणून भट्टी पेटल्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाने बाहेरचे तापमान मोजा, आणि त्यानंतरच हात लावा.

विचार करा

१. प्रयोगात भुसा आणि राख यांत फारसा फरक दिसला नाही, तरी भट्टीला राखच का निवडावी?
२. राख ठासून भरावी की सैल? का?
३. पावसाळ्यात दमट झालेली राख तशीच वापरली तर काय होईल?