घरकर्जाआधी बँक आपली मागची उधारी कशी वाचते

पांढुर्णा-सौसर भागातले आपले बरेच सभासद मातीच्या घराच्या जागी पक्कं घर बांधायचं म्हणतात. बँकेत गेलं की पहिला शब्द कानावर येतो, "सिबिल". घर गहाण ठेवून घेतलेलं कर्ज पंधरा-वीस वर्षं चालतं, म्हणून बँक जागेच्या कागदाइतकीच आपली जुनी उधारी तपासते.

सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. पण बँकेचा साहेब नुसत्या आकड्यावर थांबत नाही. रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे रकाने असतात. ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की हप्त्याचं कर्ज बुडीतकडे झुकलं, म्हणजे एनपीए झालं.

आपलं गाडं इथंच अडतं. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, पण डोंग्याच्या नाहीतर मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता काही बंद नसतो. दर पावसाळ्यात दोन रकाने बिघडलेले दिसले की साहेबाला माणूस बेभरवशाचा वाटतो. त्याला बंद ऋतू ठाऊक असेलच असं नाही. म्हणून अर्जासोबत सोसायटीचा दाखला, विक्रीच्या पावत्या, पासबुक जोडा. आणि उन्हाळ्यातल्या विक्रीतूनच पावसाळ्याचे दोन हप्ते खात्यात टाकून ठेवा. आमच्या मते कागदांपेक्षा हेच जास्त कामाचं.

दुसरी गोष्ट सेटलमेंटची. जुनं कर्ज अर्धंमुर्धं भरून मिटवलं, वसुलीवाला म्हणाला "सुटले तुम्ही". रिपोर्टात मात्र "सेटल्ड" लागतं, "क्लोज्ड" नाही. म्हणजे बँकेचे पूर्ण पैसे आले नाहीत, असंच पुढचा वाचणार. जमत असेल तर राहिलेली रक्कम भरा, ना-देय दाखला घ्या आणि नोंद बदलवून घ्या.

जामीनकीचंही तसंच. भावकीत सही मागितली की नाही म्हणवत नाही, खरं आहे. पण तो चुकला तर डाग आपल्याही रिपोर्टात दिसतो. नवरा-बायको दोघं अर्जदार असतील तर दोघांचे रिपोर्ट निघतात, तेव्हा मायक्रोफायनान्सचं छोटं कर्जही घरात आधीच सांगून मोकळं व्हा.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः पाहिल्यानं आकडा घटत नाही. दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर दिसलं तर लगेच तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

ज्यांनी कधी कर्जच काढलं नाही, त्यांच्या रिपोर्टात आकड्याच्या जागी -१ येऊ शकतो. तो डाग नाही, इतिहास नाही एवढाच अर्थ. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला फक्त त्या कारणानं परत पाठवू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. अशा वेळी सोसायटीची विक्री रोखीत न घेता बँक खात्यात घेतलेली असली तर साहेबाला दाखवायला काहीतरी असतं.