जुन्या तंबोऱ्याची पारख

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. अशा गावच्या गायनप्रेमी मंडळींनी वर्गणी जमवून तंबोरा घ्यावयाचे ठरविले, तर पुष्कळदा जुन्या वाद्याचाच विचार करावा लागतो. जमविलेला पैसा वाया जाऊ नये, म्हणून ते पारखावे कसे?

उत्तम तंबोऱ्यांसाठी मिरज प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तेथे ही कला रुजविली. तिला लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि केवळ गावाचे नाव ऐकून जुने वाद्य घेऊ नये.

प्रथम भोपळ्यावर हलकेच टिचक्या माराव्यात. तडा असेल तेथे आवाज बद्द येतो. मग दांडीच्या रेषेत डोळा आणून ती वाकली नाही ना, हे पाहावे. दांडी व भोपळा यांचा जोड घट्ट असावा. घोडीवर तारांचे चरे दिसले, तर घाबरू नये. कुशल कारागीर जवारी पुन्हा लावून देतो. ताराही नव्या चढविता येतात. फुटका भोपळा व वाकलेली दांडी मात्र सहसा पूर्ववत होत नाहीत.

शेवटी गाणाऱ्याचा स्वर विचारात घ्यावा. ढाल्या स्वरास मोठा तंबोरा शोभतो, उंच स्वरास लहान. नक्षी डोळ्यांना सुखविते. पण पैसे मोजावयाचे ते नादासाठी. म्हणून चारही तारा स्वरात लावून, डोळे मिटून ऐकावे आणि मगच सौदा करावा.