मधुमेह आणि पूरक पोषके : आधी शिल्लक पाहा, मग भरणा करा

बंगळुरूच्या लालबागेत पहाटे फेरफटका मारणाऱ्यांना प्रवेशद्वाराबाहेर कारल्याचा, दुधीचा, आवळ्याचा रस विकणारे हमखास भेटतात. शहरातील औषधांच्या दुकानांतही मेथी, दालचिनी, गुडमार, क्रोमियम यांच्या गोळ्या आणि ‘मधुमेहींसाठी’ असे लिहिलेले पावडरीचे डबे मांडलेले दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. तेव्हा ही बाजारपेठ वाढणार हे उघडच आहे. प्रश्न असा, की यांतील खरोखर गरजेचे काय?

कायदा काय सांगतो?

आपल्याकडील नियमांनुसार आरोग्यपूरक उत्पादन हे अन्न आहे, औषध नव्हे. औषध म्हणून वापरण्यासाठी नसल्याची सूचना त्याच्या वेष्टनावर असावी लागते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने निषिद्ध आहे. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ असे वाचताच खिशातील पाकीट आवरावे, हे उत्तम!

ब-१२ : दुर्लक्षित उणीव

ज्या पूरकाकडे मधुमेहींनी प्रथम लक्ष द्यावे, त्याची जाहिरात फारशी होत नाही. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. मधुमेहात सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून ब-१२ चे शोषण घटू शकते. हे जीवनसत्त्व मुख्यत्वे दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळत असल्याने शाकाहारी माणसाची जमा मुळातच बेताची असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत ब-१२ कमी आढळले होते.

यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट हळूहळू उघडकीस येते. पायांना मुंग्या, बधिरपणा, थकवा, तोल जाणे ही तिची लक्षणे. मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाल्यावरही हेच दिसते, त्यामुळे ‘साखरेमुळेच होत असेल’ असे समजून खरे कारण मागे राहते. उपाय मात्र साधा आहे : मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठरावीक काळाने रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. उणीव आढळल्यास गोळी की इंजेक्शन, हे डॉक्टर ठरवतील. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी गर्भवती स्त्रियांना रोज ५० मायक्रोग्रॅम ब-१२ तोंडावाटे दिले असता रक्तातील पातळी वाढल्याचे २०१४ साली दाखवून दिले. तो अभ्यास मधुमेहावरील नव्हता. परंतु साधी गोळीही उणीव भरून काढण्यास मदत करू शकते, हे त्यातून दिसते.

मेथी, दालचिनी आणि ‘ड’ जीवनसत्त्व

मेथीतील विद्राव्य तंतू साखरेचे शोषण मंदावतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० मधील प्रयोगात रुग्णांना चरबी काढलेली मेथीपूड दररोज १०० ग्रॅम, अशी १० दिवस दिली. लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. मात्र १०० ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या २०० कॅप्सूल! एका कॅप्सूलकडून तोच परिणाम अपेक्षिणे व्यर्थ. दालचिनी व क्रोमियम यांविषयीचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. ‘ड’ जीवनसत्त्व मधुमेह टाळते का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतील २०१९ च्या मोठ्या चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. उणीव असल्यास ते हाडांसाठी अवश्य घ्यावे, साखरेसाठी नव्हे.

ताटातील पूरक

कर्नाटकातील रागी, म्हणजेच आपली नाचणी, १०० ग्रॅममागे सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम तंतू देते. मात्र तिच्यात ६७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकेही असतात. म्हणून मुद्दे असो वा भाकरी, प्रमाण सांभाळावे आणि सोबत डाळ व पालेभाजी घ्यावी.

लक्षात ठेवावे असे काही

१. पूरक सुरू केले म्हणून चालू औषध स्वतःहून बंद वा कमी करू नये.
२. साखर कमी करणाऱ्या औषधांबरोबर असे अर्क घेतल्यास साखर अतिशय खाली जाण्याचा धोका असतो.
३. केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते.
४. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
५. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व डबे व बाटल्या सोबत न्याव्यात.

खात्यात किती शिल्लक आहे हे न पाहता कोणी व्यवहार करीत नाही. शरीराच्या खात्यालाही हाच नियम लागू आहे. महिन्याकाठी डब्यांवर होणाऱ्या खर्चातून आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि जेथे तूट आढळेल, तेथेच भरणा करावा.